भिंतीतली सैल गिट्टी: काढण्यापासून पुन्हा स्क्रू पिळेपर्यंत

टॉवेलचा दांडा हलायला लागला की बहुतेकांचा हात आधी स्क्रू ड्रायव्हरकडे जातो. दोन वेढे पिळले, जरा घट्ट वाटलं, झालं काम. आठवड्याभरात दांडा पुन्हा लोंबतो. मग भोकात आगपेटीच्या काड्या जातात, नंतर कागदाचा बोळा, नंतर पुट्टी. दर वेळी भोक थोडं थोडं मोठं होत जातं आणि एक दिवस मूठभर प्लास्टर घेऊन दांडा खाली येतो. हा सगळा क्रम मी स्वतः काड्यांसकट पार पाडलेला आहे.

स्क्रू पिळून सैल गिट्टी घट्ट होत नाही, कारण बिघाड गिट्टीत नसतो, भोकात असतो. भोकात बसवायची ती प्लास्टिकची नळी, तिला गिट्टी म्हणा, रॉल प्लग म्हणा, काम एकच: स्क्रू आत शिरला की ती फुगते आणि भोकाच्या कडांवर दाब देते. त्या दाबामुळे जे घर्षण तयार होतं, त्यावर सगळं वजन लटकतं. कडा झिजल्या, खचल्या किंवा त्यांच्यावर भुगा बसलेला असला, की गिट्टी कितीही फुगली तरी तिला धरायला काही उरत नाही. म्हणून खालचा क्रम भोकापासून सुरू होतो. वीट, काँक्रीट आणि ब्लॉक अशा बांधकामाच्या भिंतींसाठी तो आहे. जिप्सम बोर्डाच्या पार्टिशनला यातलं फारसं काही लागू पडत नाही.

## १. काहीही उपटण्याआधी नीट बघा

आधी वजन उतरवा. मग दांडा, ब्रॅकेट, जे असेल ते हातात धरून हळू हलवा आणि नेमकं काय हलतंय ते पाहा.

स्क्रू हलतोय पण गिट्टी जागेवर आहे? तुम्ही नशीबवान. स्क्रू बारीक तरी आहे किंवा आखूड तरी.

स्क्रूबरोबर गिट्टीही गोल फिरते किंवा पुढेमागे होते? भोक मोठं झालंय. बहुतेकांची तक्रार हीच असते.

गिट्टीभोवतीचं प्लास्टरच हलतंय, किंवा भोकाभोवती चक्राकार भेग दिसतेय? मग गिट्टी बदलून काही होणार नाही. प्लास्टर विटेपासून सुटलेलं आहे. बोटाच्या पेराने भोकाभोवती ठोकून बघा. पक्क्या भिंतीचा आवाज टणक येतो, सुटलेल्या प्लास्टरचा बद्द. आवाज कुठपर्यंत बद्द येतो तिथे पेन्सिलीने खूण करा. तेवढं प्लास्टर काढून, नवं करून, ते सुकल्यावरच पुढचं काम.

बाहेर आलेली गिट्टी लगेच फेकू नका. ती उजेडात धरून तिच्या खाचा पाहा. माझ्या त्या दांड्याची गिट्टी टोकापर्यंत पांढरी-करडी निघाली होती, विटेच्या लाल रंगाचा कणही नव्हता. म्हणजे ३० मिमी लांबीची ती गिट्टी अख्खी पुट्टी आणि प्लास्टरमध्येच बसवलेली होती, विटेपर्यंत पोचलीच नव्हती. आतल्या भिंतीचं प्लास्टर साधारण १२ ते २० मिमी जाड असतं, भिंत वाकडी असेल तर ते कुठे कुठे बरंच जास्त भरतं. गिट्टीचं निदान टोकाकडचं फुगणारं अंग तरी विटेत असायलाच हवं, आणि पूर्ण गिट्टी विटेत असेल तर सगळ्यात चांगलं.

गिट्टी प्लास्टरच्या पलीकडे गेलेली असूनही खाचांमध्ये करडी, वाळूसारखी रवाळ भुकटी दिसली, तर भोक दोन विटांच्या मधल्या दरजेत पडलेलं असू शकतं. दरजेतला माल बऱ्याचदा विटेपेक्षा कमकुवत असतो आणि गिट्टी फुगली की भुरभुरतो.

आणखी एक गोष्ट बघायची: कोणता स्क्रू सुटलाय? ब्रॅकेटचा बहुधा वरचाच सुटतो, आणि त्याला कारण आहे. समजा ३० सेंमी खोल फळीवर १० किलो सामान सारखं पसरलेलं आहे. वजनाचा मध्य भिंतीपासून १५ सेंमीवर आला. ब्रॅकेटचा वरचा स्क्रू त्याच्या खालच्या टोकापासून १५ सेंमी उंच असेल, तर वरच्या स्क्रूंवर भिंतीतून बाहेर ओढणारी ताकद मिळून १० किलो. तेच ब्रॅकेट बुटकं असेल आणि हे अंतर ५ सेंमीच असेल, तर ओढ थेट ३० किलो. सामान तेवढंच, फळी तीच. म्हणून बुटक्या ब्रॅकेटची गिट्टी पुनःपुन्हा सुटत असेल, तर गिट्टीच्या मागे लागण्यापेक्षा उंच ब्रॅकेट आणा.

तपासा: स्क्रू सैल, भोक मोठं, प्लास्टर सुटलेलं, की जागाच चुकीची? या चारपैकी एक उत्तर हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## २. सामान आधी काढून ठेवा

ड्रिल मशीन, भिंतीचा बिट (टोकाला कठीण धातूची पाती बसवलेला, लाकडाचा नव्हे), नव्या गिट्ट्या, त्यांना जुळणारे स्क्रू, निमुळत्या तोंडाची पक्कड, हातोडी, बारीक तारेचा किंवा नायलॉनचा गोल ब्रश, टॉर्च, चिकटपट्टी. डोळ्यांवर गॉगल, नाकातोंडावर धुळीचा मास्क. वीट-सिमेंटची धूळ फुप्फुसाला वाईट, आणि छातीच्या उंचीवर ड्रिल करताना ती सरळ तोंडावर येते.

गिट्टी आणि स्क्रू यांची जोडी नीट जुळली पाहिजे. साध्या नायलॉनच्या गिट्टीसाठी हा हिशेब बहुतेक ठिकाणी चालतो: ६ मिमीच्या गिट्टीला ४ ते ५ मिमी जाडीचा स्क्रू, ८ मिमीला ४.५ ते ६, १० मिमीला ६ ते ८. सुटलेल्या गिट्ट्यांत मला सगळ्यात जास्त वेळा सापडतो तो ८ च्या गिट्टीतला ३.५ चा स्क्रू. तो आत जातो, घट्टही वाटतो, पण गिट्टी फुगवत नाही. शक्य असेल तेव्हा दिलेल्या जाडीतला वरच्या टोकाचा स्क्रू घ्या.

लांबीचा हिशेब: बसवायच्या वस्तूची जाडी, अधिक प्लास्टरची जाडी (गिट्टी प्लास्टरच्या पलीकडे ढकलणार असाल तर), अधिक गिट्टीची लांबी, अधिक स्क्रूच्या जाडीइतका जादा भाग. स्क्रूचं टोक गिट्टीच्या पलीकडे थोडं निघालं पाहिजे, तरच गिट्टी शेवटपर्यंत फुगते. उदाहरणार्थ पट्टी ३ मिमी, प्लास्टर १५ मिमी, गिट्टी ४० मिमी, स्क्रू ५ मिमी जाड: बेरीज ६३. म्हणजे ६५ मिमीचा स्क्रू, आणि भोक किमान ६५ मिमी खोल.

सावधान: बटणांच्या आणि प्लगच्या बोर्डाच्या सरळ वर, सरळ खाली आणि आडव्या रेषेत तारा असण्याची शक्यता असते. नळाच्या वर-खाली पाइप. जुनं भोक होतं म्हणजे जागा सुरक्षित असं समजू नका. आता तुम्ही जास्त खोल जाणार आहात. तार-पाइप शोधणारं यंत्र मिळालं तर भिंतीवरून फिरवा. शंका असेल तर त्या भागाची वीज मेन स्विचवरून बंद करा आणि ड्रिलला दुसरीकडून वीज घ्या किंवा बॅटरीचं ड्रिल वापरा.

## ३. जुनी गिट्टी काढणं

इथे घाई केली की भोकाचं तोंड फुटतं.

स्क्रू पूर्ण काढा. मग तोच किंवा किंचित जाड स्क्रू गिट्टीत फक्त तीन-चार वेढे पिळा. जास्त नको, नाहीतर गिट्टी पुन्हा फुगेल. स्क्रूचं डोकं पक्कडीत धरा आणि सरळ आपल्याकडे ओढा. डावीकडे-उजवीकडे डोलवू नका. येत नसेल तर चिमट्याच्या हातोडीने उपसा, पण हातोडीच्या पाठीखाली लाकडाची चपटी पट्टी ठेवा. ती नसेल तर प्लास्टरमध्ये अर्धचंद्र उमटलाच म्हणून समजा.

तरीही हलली नाही तर? मग ती एवढी पक्की आहे, तर काढताय कशाला? आधी लांब आणि जाड स्क्रू लावून बघा. अनेकदा दुरुस्ती इथेच संपते. मात्र गिट्टी फाटलेली किंवा चुकीच्या मापाची असेल, तर कॉलर (गिट्टीच्या तोंडाची रुंद कड) ब्लेडने कापा आणि बारीक बिटने, ड्रिलचा हॅमर (ठोके देत फिरण्याची सोय) बंद ठेवून, तिच्या मधोमध भोक पाडत जा. नायलॉन गरम होऊन बिटला गुंडाळतं, म्हणून मध्ये मध्ये थांबा. उरलेल्या चिंध्या पक्कडीने निघतात.

## ४. भोक साफ करा, मग मोजा

हा टप्पा सगळेच गाळतात. भोकात राहिलेला भुगा गिट्टी आणि वीट यांच्यामध्ये छर्‍यांसारखा बसतो आणि पकड घालवतो.

ब्रश आत घालून फिरवा, भुगा बाहेर काढा, बारीक नळीने किंवा हातपंपाने हवा मारा, पुन्हा ब्रश, पुन्हा हवा. तोंडाने फुंकर मारणार असाल तर डोळे मिटा. गॉगल असला तरी मिटा, खालून धूळ येते. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर त्याची नळी भोकाखाली धरली की भिंतही पांढरी होत नाही.

आता टॉर्च मारून आत बघा. नवी गिट्टी बोटाने भोकात सरकवा. बोटाच्या दाबाने निम्मी आत जाऊन अडकली आणि पुढे हातोडीचे हलके ठोके लागणार असं वाटलं, तर भोक त्या मापाला योग्य. पूर्ण सरकून आत पडली, तर मोठं. ड्रिल बिटच मोजपट्टीसारखा वापरता येतो: कोणत्या मापाचा बिट भोकात डुगडुगत नाही ते बघा.

तपासा: भोक तोंडाशी रुंद आणि आत अरुंद आहे का? ड्रिल हातात डोललं की असं नरसाळं होतं. अशा भोकात गिट्टी फक्त टोकाला धरते.

## ५. उपाय निवडा

जागा चांगली, भोक थोडंच मोठं. एक माप वर जा. ६ च्या जागी ८, ८ च्या जागी १०. नव्या मापाच्या बिटने भोक सरळ आणि खोल करा. सर्वात साधा, स्वस्त आणि भरवशाचा उपाय हाच. फक्त स्क्रूही जाड घ्यावा लागतो, आणि तो ब्रॅकेटच्या भोकातून जातो का ते आधी बघा. हे विसरून लोक ८ चीच गिट्टी १० च्या भोकात ठोकतात.

भोक बरंच मोठं, पण जागा बदलता येत नाही. भरून पुन्हा पाडा. एक भाग सिमेंटला तीन भाग बारीक चाळलेली वाळू, पाणी बेताचं, मुठीत दाबली तर गोळा धरेल इतकंच. भोकाच्या आत पाणी शिंपडा. कोरडी वीट मालातलं पाणी शोषून घेते आणि माल कधीच नीट धरत नाही. मग थोडा थोडा माल काडीने आत ठासत जा, आतून बाहेरच्या दिशेने, पोकळी राहू न देता. तोंडाशी सपाट करा. पुढचे दोन-तीन दिवस तोंडावर ओलं फडकं लावून ठेवा. चार दिवसांआधी ड्रिल लावू नका. एक दिवसात पृष्ठभाग टणक होतो आणि माणूस फसतो.

थांबायची तयारी नसेल तर दोन भागांची इपॉक्सी पुट्टी. दोन्ही भाग रंग एकसारखा होईपर्यंत मळा. मध्ये रेघा दिसत असतील तर ते अर्धकच्चं राहणार. इपॉक्सीला भोक पूर्ण कोरडं लागतं, सिमेंटला ओलं. याची हमखास अदलाबदल होते. सुकण्याचा वेळ पाकिटावर लिहिलेला असतो, तेवढा पूर्ण द्या.

भिंतीला लावायची पुट्टी, प्लास्टर ऑफ पॅरिस, पांढरा फिलर यांनी भोक दिसेनासं होतं. वजन पेलत नाही. नुसतं पांढरं सिमेंट त्यापेक्षा बरं, पण वाळूशिवाय ते आकसतं आणि कडेने सुटतं; कॅलेंडरच्या खिळ्यापुरतं ठीक. आगपेटीच्या काड्यांबद्दल एवढंच सांगतो: लाकूड ओल घेऊन फुगतं, सुकून आकसतं, आणि बाथरूममध्ये हे रोज होतं.

भोक दरजेत किंवा कडेला. जागा सरकवा. विटेच्या मधोमध, आणि जुन्या भोकापासून चार-पाच सेंमी तरी लांब. भिंतीच्या कोपऱ्याच्या अगदी जवळ गिट्टी फुगली तर कोपराच उडतो. ब्रॅकेटची पाठ जुनं भोक झाकेल अशा बेताने सरकवलं तर रंगाचं कामही वाचतं.

वीट पोकळ आहे. ड्रिल करताना बिट एकदम धप्पकन आत गेला, तर समजा आत पोकळी. साधी गिट्टी पोकळीत जाऊन लोंबकळते. इथे लांब गिट्टी हवी, जी विटेच्या आतल्या दोन पडद्यांना धरते, किंवा अशी गिट्टी जी पोकळीत गेल्यावर स्वतःभोवती गाठ मारते. रसायनाचा अँकर (भोकात रसायन भरून त्यात आट्यांची दांडी चिकटवायची पद्धत) वापरणार असाल तर जाळीची नळी आधी घाला, नाहीतर सगळं रसायन पोकळीत वाहून जाईल.

हलक्या ब्लॉकची भिंत. भुगा मऊ, फिकट आणि पिठासारखा आला तर ती हीच. साधी गिट्टी तिला आतून चुरडते. या ब्लॉकसाठी बाहेरून रुंद पाती किंवा मोठे आटे असलेली वेगळी गिट्टी मिळते.

वजन मोठं आहे, आणि भिंत भरीव. गीझर, मोठं कपाट, भिंतीतला झुला अशा कामांना रसायनाचा अँकर. नळीतून सुरुवातीला येणारं दोन रंगी मिश्रण कागदावर टाकून द्या, रंग एकजीव झाल्यावरच भोकात भरा, आतून बाहेर. दांडी फिरवत घाला आणि घट्ट होईपर्यंत हात लावू नका. पण खरं सांगायचं तर झुल्यासाठी आणि गीझरसाठी जाणकार माणूस बोलवा. भिंतीचा दम बघणं हे त्याचं रोजचं काम आहे.

## ६. भोक पाडणं

बिटवर हव्या खोलीला चिकटपट्टी गुंडाळा. खोली म्हणजे गिट्टी जिथपर्यंत जाईल त्याहून सुमारे १० मिमी जास्त, कारण थोडा भुगा तळाशी राहतोच.

खुणेवर खिळ्याने बारीक खळगा करा, म्हणजे बिट घसरणार नाही. सुरुवात हळू, हॅमर बंद. बिट सेंटीमीटरभर आत गेला की वेग वाढवा. काँक्रीटला आणि कठीण भरीव विटेला हॅमर लागतो. मऊ विटेला, पोकळ विटेला आणि हलक्या ब्लॉकला हॅमर लावायचा नाही. भोक फुटतं आणि मापापेक्षा मोठं होतं. फार मऊ विटेत मी बिट एक माप लहान घेतो, ८ च्या गिट्टीला ७ चा.

ड्रिल दोन्ही हातांनी, भिंतीला काटकोनात. बाजूने कोणाला तरी बघायला सांगा. आपल्याला समोरून वर-खाली झुकलेलं कळत नाही. दर दोन सेंटीमीटरला बिट फिरत असतानाच मागे ओढा, भुगा बाहेर येतो.

येणाऱ्या भुग्याचा रंग बघत राहा. पांढरा, मग करडा, मग लाल: पुट्टी, प्लास्टर, वीट. लाल सुरू झाला तेव्हा बिट किती आत होता ते लक्षात ठेवा, तीच तुमच्या प्लास्टरची खरी जाडी.

सावधान: काँक्रीटमध्ये बिट एकाएकी अडला आणि धातूचा आवाज आला तर थांबा. सळई असेल. जोर लावू नका, भोक दोन-तीन सेंमी सरकवा. भुगा ओला आला, तर ड्रिल बंद करा आणि पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे ते आठवा.

भोक झालं की टप्पा ४ पुन्हा. ब्रश, हवा, ब्रश, हवा.

## ७. गिट्टी आणि स्क्रू

गिट्टी हलक्या ठोक्यांनी आत घाला. ठोकताना ती वाकली किंवा तोंडाशी दुमडली, तर भोक लहान आहे किंवा भुगा राहिलाय. जबरदस्ती करू नका. फारच सहज गेली तर टप्पा ५ वर परत. गिट्टी प्लास्टरच्या पलीकडे ढकलायची असेल तर बोथट खिळ्याने किंवा जुन्या बिटच्या मागच्या टोकाने सरकवा. कॉलरवाली गिट्टी अशी जात नाही, कॉलर आधी कापावी लागते.

स्क्रू हाताने पिळा. निदान शेवटचे वेढे तरी हातानेच. सुरुवातीला सहज, मध्यापासून वाढता अडथळा, शेवटी घट्ट: असा हाताला अनुभव आला पाहिजे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच सैल वाटला तर गिट्टी धरत नाहीये. डोकं पट्टीला टेकलं की आणखी पाव वेढा आणि थांबा. मशीनने करकचून पिळला की नायलॉनचे आटे कापले जातात, आणि तुम्ही जिथून सुरुवात केली तिथेच परत येता. ब्रॅकेटला अनेक स्क्रू असतील तर सगळे आधी सैलसर लावा, पातळी बघा, मग वरून सुरुवात करून एक एक घट्ट करा.

## ८. वजन टाकण्याआधी

हाताने ओढून बघा. वस्तू रोज जेवढं सोसणार त्यापेक्षा जरा जास्त जोर, सरळ बाहेरच्या दिशेने. ब्रॅकेटच्या वरच्या कडेला आणि भिंतीला मिळून पेन्सिलीची एक बारीक रेघ मारा. आधी अर्धं सामान ठेवा. दुसऱ्या दिवशी रेघ जुळलेली असेल तर उरलेलं ठेवा. पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा बघा. रेघ केसभरही तुटलेली दिसली तर स्क्रू पिळत बसू नका, सामान उतरवा आणि टप्पा १ वरून सुरुवात करा.